माईकवर पुकारलेलं नाव

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखनाच्या चुका होतील, आणि अक्षर तर कोंबडीचे पाय. निवृत्त झालेले मोठे साहेब पेपरात आपल्या केसेस लिहितात, त्या मी चष्मा लावून सगळ्या वाचते. मी साधी महिला पोलीस शिपाई होते. माझं कुणी छापणार नाही आणि छापावं असं मला वाटतही नाही. ही वही कपाटातच राहील. पण एक केस अशी आहे की भाजी निवडताना आठवली तरी एकटीच हसत बसते. तेवढी लिहून ठेवते. नाव मात्र कुणाचंच घालत नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. ठाण्याच्या पाटीवर नव्या जिल्ह्याचं नाव आलं होतं, पण छापील फॉर्म अजून जुन्याच जिल्ह्याचे होते. आम्ही ते नाव पेनाने खोडून वर 'लातूर' लिहायचो. बायका पोलिसात यायला धजत नसत, म्हणून माझ्यासारख्या चौथी पास बाईलाही भरतीत घेतलं. ठाण्यात मी एकटीच बाई. साहेबांसमोर 'हो साहेब' याच्यापुढे माझ्या तोंडातून शब्द निघत नसे.

त्यात दुष्काळ. दोन पावसाळे कोरडे गेले होते. टँकर आला की ठाणे अंमलदारसुद्धा डायरी उघडी टाकून बादली घेऊन पळायचा. पण एक गोष्ट मी तेव्हा पाहिली. पाणी नसलं तरी लोक करमणूक सोडत नाहीत. दोन्ही टॉकीजा भरलेल्या असत, व्हिडिओ सेंटरं नवीनच निघाली होती, आणि मैदानावर तंबू पडला की अर्ध्या शहराचा मोर्चा तिकडे. ज्याला त्याला नव्या जिल्ह्याला शोभेल असं काहीतरी करून दाखवायचं होतं.

त्या हवेत एका बुकिंगवाल्याने एक नावाजलेला तमाशाचा फड ठरवला. तीन दिवस, तीन खेळ, तिकिटं आगाऊ. पोस्टरवर फडाच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरांत, आयोजक म्हणून त्याचं स्वतःचं नाव. पहिल्या खेळाला लोक तिकिटं घेऊन आले तर बुकिंगवाला गायब. तंबूवाल्याला भाडं मिळालं नव्हतं, तो लोकांच्या देखत कनाती सोडायला लागला. मग व्हायचं ते झालं. खुर्च्या मोडल्या, दगड पडले, आणि सगळी गर्दी फिर्याद द्यायला ठाण्यात आली.

तिकिटांवर नाव फडाचं होतं, म्हणून लोकांनी बोट दाखवलं फडाच्या मालकिणीकडे. पन्नाशीची बाई, कपाळाला मोठं कुंकू, आवाज असा की ठाण्याच्या भिंतीपलीकडे ऐकू जावा. साहेबांनी फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. फडाचे दोन्ही ट्रक आवारात लावून घेतले. मालकिणीला चौकशीसाठी बसवलं आणि तिच्यावर लक्ष ठेवायला मला. साहेबांनी तिला स्पष्ट सांगितलं, की आठवड्यात तो माणूस मिळाला नाही तर मला तुम्हालाच आरोपी करून कोर्टात उभं करावं लागेल.

फडातली बावीस माणसं ट्रकच्या सावलीत राहू लागली. तिथेच चूल मांडली. ढोलकीवाला हात आखडू नये म्हणून जीपच्या बॉनेटवर हळूच बोटं चालवायचा आणि आमचे जमादार डायरी लिहिता लिहिता मान डोलवायचे. इतकं आनंदी ठाणं मी नंतर कधी पाहिलं नाही. मालकीण मात्र पहिले दोन दिवस जेवली नाही. मी तिला आक्का म्हणू लागले होते. भाकरी पुढे केली तर म्हणाली,

"पोलीसबाई, तिकिटावर माझ्या फडाचं नाव हाय. ह्या लोकांचे पैसे बुडाले तर पुढच्या जत्रंला मला कोण बोलवंल? आधीच दुष्काळानं निम्म्या जत्रा बंद पडल्यात. मला आरोपी करा न्हाईतर काय बी करा, पर पैसे माघारी जायला पायजेत."

तपास सुरू झाला. लॉजच्या रजिस्टरात बुकिंगवाल्याने लिहिलेला पत्ता खोटा निघाला. लॉजचा मॅनेजर सांगे की माणूस पांढऱ्या सफारीत असायचा आणि खोलीतही गॉगल काढायचा नाही. आक्काने त्याला दोनदाच पाहिलेलं. तिचा जबाब जमादार लिहीत होते, मी शेजारी उभी. ती म्हणाली की त्याने सुपारीच्या, म्हणजे खेळासाठी फडाला द्यायच्या, रकमेत घासाघीस केली नाही. अट एकच घातली, वग सुरू व्हायच्या आधी माईकवर त्याचं नाव तीनदा पुकारायचं. फडातला सोंगाड्या त्याला तिथेच म्हणाला होता, "मालक, देवाचं नाव आम्ही एकदाच घेतो." त्यावर तो चिडला होता. जमादारांनी हे वाक्य जबाबात घेतलं नाही. माझ्या मात्र डोक्यात राहिलं.

खबर मला हापशावर मिळाली. ठाण्यामागच्या हापशावर माझ्या पुढे एका कासारणीची घागर होती. ती जत्रेजत्रेत बांगड्यांचं दुकान मांडायची. दोन तास रांगेत उभं राहिल्यावर बायका काहीही बोलतात. ती सांगू लागली, की जळकोटकडे एका गावात जत्रा भरली आहे आणि तिथे एक गॉगलवाला दुसऱ्याच एका फडावर नोटा उधळतो आहे. नोट दिली की सोंगाड्या माईकवर देणाऱ्याचं नाव पुकारतो, ही तमाशातली रीतच आहे. पण हा म्हणे स्वतःचं नाव देतच नाही. 'लातूर जिल्ह्याकडून एकवीस रुपये' असं पुकारायला लावतो, आणि लोक टाळ्या वाजवतात.

मी घागर तशीच टाकून जमादारांकडे गेले. ते साहेबांकडे गेले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने आम्ही चौघं निघालो, जमादार, एक शिपाई, मी आणि ओळख पटवायला आक्का. सगळे साध्या वेशात. जमादारांनी धोतर नेसलं, पटका बांधला, आणि पायात सरकारी बूट तसेच ठेवले. आक्काने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"जमादार, बूट काढून पिशवीत टाका. न्हाईतर आरोपीच उठून तुम्हाला सलाम ठोकंल."

जमादार दिवसभर अनवाणी चालले.

आम्ही पोचलो तेव्हा हजेरी सुरू होती. रात्रीचा खेळ झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी फड देवळासमोर हजेरी लावतो. तिकीट नसतं, अख्खं गाव येतं. ऊन चढलं होतं. आक्का आणि मी डोक्यावर पदर घेऊन बायकांत बसलो. समोर पहिल्या रांगेत पांढरी सफारी. त्याने नोट वर धरली, आणि सोंगाड्याने पुकारलं, "लातूर जिल्ह्याकडून एकवीस रुपये."

मी आक्काकडे पाहिलं. ती डोळे बारीक करून बघत होती. म्हणाली, "तोच वाटतोय. पर तवा मिशी होती. शपथंवर न्हाई सांगता येत."

जमादार मागून येऊन आमच्याशी बोलून गेले. त्यांचं म्हणणं होतं की नुसत्या वाटण्यावर हात घालता येत नाही. महिन्यापूर्वीच आम्ही एका भलत्याच माणसाला धरून आणलं होतं आणि साहेबांना वरून बोलणी खावी लागली होती. नावाची खात्री पाहिजे. पण सरळ जाऊन विचारलं तर तो खोटं नाव सांगणार, आणि गर्दीत पळाला तर संपलंच.

मला एक गोष्ट सुचत होती, पण जमादारांना सांगायची छाती होईना. ते गेल्यावर मी आक्काच्या कानात बोलले, "आक्का, ह्याची नोट नांदेडच्या नावावर पुकारली तर?"

आक्का पदर सावरून उठली आणि देवळाला वळसा घालून राहुटीत गेली. त्या फडाचा सोंगाड्या पूर्वी तिच्याच फडात तयार झालेला होता. थोड्या वेळाने ती परत येऊन बसली.

पुढची नोट वर आली. सोंगाड्याने ती घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाला, "नांदेड जिल्ह्याकडून एकवीस रुपये."

सफारीवाला जागेवरूनच ओरडला, लातूर म्हणून.

"न्हाई मालक," सोंगाड्या शांतपणे म्हणाला, "लातूरवाले एवढे देत न्हाईत. तिथं फड बोलावत्यात आन् वरचा तंबूच काढून नेत्यात. तुमी नांदेडचेच."

गर्दी हसली. त्याचा चेहरा लालबुंद झाला. त्याने आणखी एक नोट काढली. सोंगाड्याने तीही नांदेडलाच लावली. लोक आता टाळ्या नांदेडसाठी वाजवू लागले, कारण गाव हद्दीवरचं होतं आणि जत्रेला पलीकडच्या जिल्ह्यातली पुष्कळ मंडळी आलेली होती.

"लातूरचे असाल तर नाव सांगा की मालक. बिननावाची नोट कुणाच्या बी खात्यावर जाती."

तो उठला. गॉगल काढून खिशात घातला, चौथऱ्यावर चढला, सोंगाड्याच्या हातातून माईक घेतला, आणि आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सावकाश सांगितलं. पुढे म्हणाला, "आयोजक, लातूर जिल्हा." जमादारांच्या खिशात पोस्टर घडी करून ठेवलेलं होतं. त्यावर हेच नाव याच क्रमाने छापलेलं होतं. त्यांनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या, अनवाणीच चौथऱ्यावर गेले आणि त्याचा दंड धरला. तो त्यांना हळूच म्हणाला, "थांबा, माईक चालू हाय."

ठाण्यात आणल्यावर मात्र दोन दिवस तो तोंड उघडेना. खिशात थोडे पैसे मिळाले, बाकीचे कुठे ते सांगेना. साहेब पुन्हा पुन्हा विचारत, पैसे कुठे उडवलेस? जमादारांनी चहा देऊन पाहिला, दम देऊन पाहिला. तिसऱ्या दिवशी आक्का साहेबांची परवानगी घेऊन त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. पैशाचं नावच काढलं नाही. विचारलं, "पुढचा कार्यक्रम कोणता धरलाय?"

त्याचा चेहरा उजळला. नांदेडचा एक ऑर्केस्ट्रा धरला होता. दोन गायिका, रंगीत लाइटं, नव्या जिल्ह्यात कुणी पाहिलं नाही असं. बयाणा किती दिला, कोणत्या दिवशी, कुणाच्या हातात, सगळं त्याने घडाघडा सांगितलं. जमादारांचं पेन त्याच्या मागे धावत होतं. तिकिटाचे पैसे हातात आल्याबरोबर त्याने त्यातला मोठा हिस्सा ऑर्केस्ट्राला देऊन टाकला होता, आणि खेळाच्या दिवशी तंबूचं भाडं मागायला आले तेव्हा घाबरून पळाला होता. शेवटी साहेबांकडे बघून म्हणाला, "उडवले न्हाईत साहेब. लावले."

या केसने मला एवढं शिकवलं, की माणसाने काय केलं हे विचारण्याआधी त्याला काय पाहिजे होतं ते शोधावं. पुढच्या नोकरीत कितीतरी बायांच्या जबाबाला मी बसले, आणि प्रश्न कुठून सुरू करायचा ते आक्काच्या त्या खुर्चीवरून ठरवत गेले. आणखी एक. अशा माणसाला तुरुंगाची भीती असते, नाही असं नाही, पण आपली टाळी दुसऱ्याला गेली हे त्याला त्याहून सोसत नाही.

ऑर्केस्ट्रावाल्याने नोटीस बघून बयाणा परत दिला. तरी रक्कम कमी पडत होती, नोटा उधळण्यात बरेच गेले होते. आक्काने तंबूवाल्याला समजावलं, एक खेळ लावला आणि कमी पडलेली रक्कम स्वतः भरली. बुकिंगवाल्याच्या घरच्यांनी ती तिला हप्त्याने द्यायची असं लिहून दिलं. कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली. ठाण्याच्या व्हरांड्यात टेबल टाकून आक्का स्वतः बसली. तिकीट आणा, पैसे न्या. प्रत्येकाला म्हणायची, "मोजून घ्या, आन् पुढच्या खेळाला या." साताठ दिवसांत सगळी तिकिटं आली. एक सोडून. बायकांच्या बाजूचं एक तिकीट.

रिक्षावर भोंगा लावून दोनदा पुकारलं. कुणी येईना. साहेब म्हणाले की एका तिकिटासाठी काय थांबायचं, पण आक्का हलेना. दुसऱ्या दिवशी तिला इस्लापूरकडच्या जत्रेला पोचायचं होतं, ट्रक भरून तयार होते.

आता कबूल करते. ते तिकीट माझ्याकडे होतं. माझे वडील आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. चौदा एप्रिलला त्यांच्यासमोर मांडी घालून बसायचे मी. तो आवाज ऐकायची फार इच्छा झाली, त्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून गुपचूप तिकीट काढलं. पोलीसबाई तमाशाला गेली हे घरी माझ्या मालकांनाही सांगितलं नव्हतं. इतके दिवस ओळखपत्राच्या कव्हरात ते घडी करून बाळगत होते. पैसे गेले तर जाऊ देत असं ठरवलं होतं. पण माझ्यामुळे दोन ट्रक उभे होते.

मी साहेबांच्या खोलीत गेले. 'हो साहेब' सोडून पहिल्यांदाच दुसरं काही बोलले.

"साहेब, ते तिकीट माझ्याकडे आहे."

"म्हणजे फिर्यादी आमच्या ठाण्यातच होता तर," साहेब म्हणाले, आणि दारात उभे जमादार इतके हसले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. मी मान खाली घालून व्हरांड्यात गेले. आक्काने तिकीट घेतलं, नंबर पाहिला, आणि नोटा पुढे केल्या. मी म्हटलं, राहू द्या आक्का, इतके दिवस तुमची ढोलकी फुकटच ऐकली की.

"न्हाई ताई, घ्या. तुमचे द्यायचे राहिले तर माझ्या फडाच्या नावावर राहत्यात."

मी मोजून घेतले आणि रजिस्टरात सही केली. साहेबांनी खाली लाल शाईने लिहिलं, सर्व रक्कम परत दिली. मग त्यांनी स्वतः आवाराचं फाटक उघडलं.