केरकरांच्या काकडीवरचा आरोप

‘केरकरांनी गटाराच्या पाण्यावर भाजी पिकवली, स्वतः खाल्ली, शेजाऱ्यांना खाऊ घातली; स्वतः गेले आणि जाताना सगळ्यांना कावीळ देऊन गेले.’ मुलुंडला आमच्या समोरच्या सोसायटीत मधू केरकरची शोकसभा झाली, त्या सभेत हे वाक्य कोणी उच्चारले नाही. सभा संपल्यावर, जिन्यात, चहाचा कप हातात असताना सोसायटीच्या चिटणीसांनी ते उच्चारले आणि चार माना हलल्या. मी तिथेच उभा होतो. दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार म्हणून माझे आयुष्य गेले; माणूस सभेत काय बोलतो आणि जिन्यात काय बोलतो, यातला फरक मला कळतो. मधूला जाऊन महिना उलटला. त्याच्या बाजूने अद्याप कोणी तोंड उघडलेले नाही, म्हणून हे लिहिणे मला भाग आहे.

आमच्या आणि त्यांच्या इमारतींमध्ये कमरेएवढी भिंत आहे. भिंतीपलीकडे त्या सोसायटीची हिरवळ. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर तिची देखभाल मधूच्या गळ्यात पडली, कारण ती दुसऱ्या कोणाला नको होती. उन्हाळ्यात तो गवत मुद्दाम वाढू देई. वाढलेल्या पात्याची सावली मुळांवर पडते आणि ओल टिकते, असे त्याचे म्हणणे. समितीला मात्र ते न्हाव्याकडे न गेलेल्या डोक्यासारखे दिसे. "हे गवत गाय खात नाही, माणूस खात नाही," मधू मला म्हणे, "मग एवढं पाणी कशाला पितंय मेलं?" त्याने भिंतीलगतची पट्टी खणली, तांबडा माठ लावला, भेंडी लावली, आणि सुतळ्या ताणून काकडीचे वेल भिंतीवर चढवले. मे महिन्यात नळाचे पाणी सकाळी थोडा वेळच येई, आणि ते आधी हिरवळीला द्यायचे असा समितीचा हुकूम होता. म्हणून वाफ्याला तो तांदूळ-डाळीचे धुवण घाली. बायका ते बादल्यांतून जिन्याखाली आणून ठेवीत. गटाराचे पाणी म्हणतात ते हे.

आता त्या पाइपाविषयी. जमिनीखालच्या टाकीजवळ एक नळ होता आणि त्याला हिरवळीचा रबरी पाइप कायम जोडलेला असे. ज्या वाहिनीतून टाकी भरे, तिच्यावरच हा नळ होता, आणि तो कोणी बंद करत नसे. पाइपाचे दुसरे टोक हिरवळीच्या सखल कोपऱ्यात पडलेले असे, जिथे सांडपाण्याच्या तुंबलेल्या चेंबरचे पाणी साचत असे. एका सकाळी नळाचे पाणी नुकतेच गेले होते, आणि मधूने मला भिंतीपाशी बोलावले. पाइपाचे टोक त्याने हातात धरले होते. "शिरस्तेदार, तळवा लाव इथे." मी लावला... आणि पाइपाने माझ्या तळव्याची कातडी आत ओढली. पाणी बंद झाले की वाहिनी रिकामी होत होती आणि कोपऱ्यातली घाण उलटी शोषून घेत होती. दुसऱ्या दिवशी तीच टाकीत पडत होती. मी सहसा भीत नाही. त्या दिवशी घरी येऊन मी तो हात तीनदा धुतला.

मधू समितीकडे गेला. चिटणीस म्हणाले, "केरकर, पाइपातून पाणी बाहेर येतं हो. उन्हात टोपी घालत जा." सगळे हसले. मधू रोज पाइप उचलून भिंतीवर ठेवी. कोपऱ्यातले गवत पिवळे पडले की कोणीतरी तो पुन्हा खाली सोडी. घरी तो पाणी उकळू लागला, पण तोवर उशीर झाला असावा.

आधी दुसऱ्या मजल्यावर कावीळ आली, मग तळमजल्यावर, मग मधूला. वेल उपटून फाटकाबाहेर फेकले गेले. आमच्या घरात त्या दिवसापासून कोणी मोठ्याने बोलेनासे झाले. माझी सून सुनीता सातव्या महिन्यात होती आणि तिला डोहाळे काकडीचे होते. वसंत सरल्यापासून मधू रोज भिंतीवरून काकड्या देई आणि ती कच्च्याच मीठ लावून खाई. डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, "या अवस्थेत कावीळ झाली तर..." आणि त्यांनी वाक्य अर्धे सोडले. मी रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून तिला उजेडात बोलावू लागलो. "सूनबाई, खिडकीतून बघ जरा, पेपरवाला दिसतोय का." चौथ्या-पाचव्या दिवशी ती समोर येऊन उभी राहिली. "बाबा, डोळेच बघायचेत ना? मग बघा सरळ. मीही आरशात तेच करते." आमच्या सौभाग्यवतींनी काविळीची माळ आणून तिच्या उशीखाली ठेवली. मी असल्या गोष्टी मानत नाही. मी ती काढली नाही.

मधूला इस्पितळात भेटलो, तेव्हा तो हळदीत बुडवून काढल्यासारखा दिसत होता. त्याने प्रकृतीचे विचारू दिले नाही.

"सून कशी आहे?"

"बरी आहे."

"काकड्या धुऊन खायची ना?"

"तू भिंतीवरून दिलीस की तिथेच खायची. तुला माहीत आहे."

त्याने मान माझ्याकडे वळवली. "खरं सांग रे. चेंबरचं पाणी वाफ्यात झिरपलं असेल? मला दिसलं नसेल?"

मी म्हणालो, "नाही. पाइप तूच मला दाखवलास."

"तू न्यायाधीश नाहीस मेल्या, शिरस्तेदार आहेस. निकाल तू द्यायचा नसतो." एवढे बोलून तो हसला, आणि मग माझे मनगट त्याने जे धरले, ते परिचारिका येईपर्यंत सोडले नाही. दोन दिवसांनी तो गेला. शांतपणे गेला, असे वहिनी सांगतात. त्यांनी तसेच सांगावे. पण ते मनगट माझे होते. मधू भ्यालेला गेला, आणि भीती त्याला स्वतःच्या जिवाची नव्हती.

म्हणून मला चिटणीसांचे म्हणणे खोडायचे आहे, आणि त्याहून अधिक मधूचे. वाफ्याच्या जागी आता हिरवळ पसरली आहे. नळावरचा पाइप कोणीतरी गुपचूप काढून नेला. त्याविषयी ठराव नाही, चर्चा नाही. चिटणीस अभिमानाने सांगतात की केरकरांच्या वाफ्यातले एक पानसुद्धा त्यांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. हे खरे आहे. त्यांच्या घरात दोघे काविळीने अंथरुणाला खिळले, हेही खरे आहे. आमची इमारत वेगळी, टाकी वेगळी, पाणी वेगळे. काकडी तेवढी मधूची. सुनीता परवा बाळंत होऊन घरी आली. तिच्या डोळ्यांत पिवळेपणाची रेघही कधी उमटली नाही.