खापरावरचा तारा

माझ्या नातीनं माझ्या खापरावर एक तारा काढला होता. तो मी पुसला. घरात सगळे म्हणतात, म्हातारीला कळलं नाही. ते खोटं आहे, म्हणून लिहिते.

आम्ही अमळनेरचे. नात धुळ्याला देवपुरात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, रोज एसटीनं जायची. तिचा अभ्यास लहान, थंड ताऱ्यांचा. वर आकाशात सोडलेली दुर्बीण अशा ताऱ्याचा उजेड मोजते आणि ते आकडे कोणालाही कॉम्प्युटरवर मिळतात. तारा इतका लांब, की दुर्बिणीतूनही ठिपकाच. पण तो स्वतःभोवती फिरतो. अंगावरचा काळा डाग आपल्याकडे आला की उजेड किंचित उतरतो, पलीकडे गेला की पुन्हा चढतो. त्यावरून डाग कुठे आणि केवढा, याचा नकाशा ती करायची. वर्षभर तेच.

मी चौथी शिकले. मग आईनं पाटी काढून घेतली आणि मांडे करायला बसवलं. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर फिरवत मोठी करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. जन्मभर लोकांच्या लग्नांत हेच केलं.

परीक्षेला बाहेरगावचे सर येणार होते. वर्गातल्या एकाला ते आपल्याकडे संशोधनाला घेणार होते. नात म्हणाली, "आजी, खापर दे ना. हे तारे तांबूसच असतात. त्यावर डाग काढते आणि सरांपुढे फिरवून दाखवते."

तीन दिवस ती ओसरीवर बसून कोळशानं डाग काढत होती. आकडे बघायची, दोरा लावून मोजायची.

मी विचारलं, "हे काळे कशानं? जळलेत का?"

"नाही गं. बाजूपेक्षा कमी तापलेत, म्हणून काळे दिसतात."

"माझ्या खापरावर उलटं. आच लागत नाही तिथं मांडा पांढरा राहतो."

ती खूप हसली. "सरांना सांगते हे."

"आणि ही बाजू कोरी का ठेवली?"

"तारा कललेला आहे. ती बाजू आपल्याकडे कधी येतच नाही. तिथं काय आहे, कोणालाच सांगता येणार नाही."

माझी सून बी.ए. झालेली, तिला यातलं काही कळलं नव्हतं. मला पहिल्या झटक्यात कळलं, आणि तिथंच बिघडलं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी नात कागद छापून आणायला बाजारात गेली. आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सणाला, माझ्या दोन्ही लेकी माहेरी आलेल्या, पुरण वाटून तयार. सून म्हणाली, "आत्याबाई, शेजारून खापर आणू का?" मी म्हटलं, "लोकांच्या खापरावर माझा मांडा उतरत नाही." ओलं फडकं घेतलं आणि पुसलं. कोळसा लगेच निघतो. ती लांब जाईल म्हणून पुसलं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं नव्हतं. मला नाही मिळालं ते हिला का मिळावं, एवढंच मनात होतं.

ती आली तेव्हा पहिला मांडा खापरावर भाजत होता. ती चुलीजवळ उभी राहिली. माझा मुलगा तिला म्हणाला, "जाऊ दे बेटा. बुढीले काय समजस?" मी मान खाली घालून मांड्याची घडी केली. ते वाक्य मला आयतंच मिळालं.

दुसऱ्या दिवशी तिनं नुसते कागद दाखवले. सरांनी दुसऱ्याला घेतलं. खापर असतं तरी तिला घेतलं नसतं, असंही असेल. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं.

आता ती जळगावला क्लासमध्ये गणित शिकवते. आखाजीला येते, मांडे खाते. यंदा जेवता जेवता म्हणाली, "आजी, तू मुद्दाम नव्हतं ना पुसलं?"

मुलगा, सून समोर होते. मी म्हटलं, "मला काय कळतं त्यातलं?"

"घरात तुलाच तर कळलं होतं," ती म्हणाली आणि ताट उचलून मोरीकडे गेली. तिनं पुन्हा विचारलं नाही.

हो, कळलं होतं. हे लिहिलेलं छापून आलं की पहिल्यांदा तिच्या हातात देणार आहे. पुढच्या आखाजीला ती आली नाही, तर कोणी तिला फोन करून बोलावू नये.