बोटवाली

गुरांच्या बाजारात माझ्या सासूबाईंना कुणी नावाने ओळखत नाही. "बोटवाली आली रे," असं म्हणून व्यापारी हसतात आणि आपापली मरतुकडी वासरं पुढे ढकलतात. धडधाकट वासरू परवडण्याची ऐपत आमची कधीच नव्हती. दुपार कलली, गिऱ्हाईक पांगलं, की जी वासरं परत न्यायचा कंटाळा येतो ती स्वस्तात सुटतात. आईपासून लवकर तोडलेली, हगवण लागलेली, उभं राहताना लटपटणारी. सासूबाई त्यांच्या तोंडात दोन बोटं घालतात आणि डोळे मिटून उभ्या राहतात. वासराने बोटं ओढली तर घ्यायचं, नुसती चघळली तर सोडून द्यायचं. ज्याला प्यायची हाव आहे ते जगतं, असं त्यांचं म्हणणं. अशाच कालवडी वाढवून विकत त्यांनी एकटीने मुलाला मोठं केलं.

त्याच मुलाशी माझं लग्न झालं तेव्हा या घरात पहिला मान वासराचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या आंघोळीच्या बादलीत दुधाची पावडर कालवली जायची. थंडीत एखादं वासरू स्वयंपाकघरात चुलीशी झोपलेलं असायचं आणि मी त्याला ओलांडून पोळ्या करायची. आंबट दुधाचा वास तर केसांतून जाता जात नाही. मी तोंड वाजवायची, सासूबाई ऐकून घ्यायच्या आणि बाटली धुवायला जायच्या.

या वर्षी मात्र वासरं जगेनात. आणलेलं वासरू आठवडाभर धडपडायचं आणि मग मान टाकायचं. नवरा कारखान्यातून थकून यायचा आणि जेवायच्या आधी परसात खड्डा खणायचा. शेवटच्या खड्ड्यावर माती ओढून झाली तेव्हा तो फावड्याला टेकून म्हणाला, "आई, बास झालं. वेल्डिंगवाला गोठा भाड्याने मागतोय. अजून एक वासरू आण हवं तर. तेही गेलं तर गोठा त्याला देऊन टाकायचा."

मला मनातून बरं वाटलं, ते लपवण्यात काय अर्थ आहे! भाडं येईल, वास जाईल, खड्डे थांबतील. पण सासूबाई रात्रभर कूस बदलत राहिल्या. गोठा गेला तर ही बाई सकाळी उठून करणार काय, असा विचार मला पहिल्यांदा शिवला आणि माझीच मला चीड आली.

गोठ्यात एक थोराड, पण अजून दुधावरची कालवड तेवढी उरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासाठी मी पाणी तापवलं आणि उकळी फुटलेलं भांडं बादलीत ओतलं. गार पाणी आणायला वळले, तेवढ्यात सासूबाईंनी पावडर टाकून मनगटापर्यंत हात आत घातला आणि ढवळू लागल्या. निवांत, रोजच्यासारख्या.

"अहो आई, हात! हात काढा!"

त्यांनी हात वर काढून पाहिला. लालबुंद झाला होता. दुसऱ्या कुणाचा असावा तशा त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मी त्यांना ओढत नळाखाली नेलं.

"कधीपासून कळत नाहीये?"

"झालं असेल वर्ष. साखरेने होतं म्हणे असं, डॉक्टर सांगत होता."

"मग बाजारात काय करता?"

"डोळे मिटून उभी राहते. लोकांना वाटतं, बघतेय."

"आणि घेता कसं?"

"अंदाजाने. कधी नुसतीच दया येते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढे पैसे, एवढे खड्डे! मग बादलीतून येणाऱ्या वाफेकडे लक्ष गेलं आणि माझी जीभ अडखळली. "म्हणजे दूधसुद्धा..."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "पोळली असतील काहींची तोंडं." आणि नळाखालीच त्या रडू लागल्या. "त्याला सांगू नकोस. बाजारात बोटवाली म्हणतात गं मला."

बाजाराच्या दिवशी मी चपला घालून त्यांच्याआधी दारात उभी राहिले. का, ते विचारू नका. डोळे मिटून त्या चारचौघांत नाटक करणार, हे मला घरी बसून सहन झालं नसतं.

"या बोटवाली! आज सूनबाईंना पण आणलंत?" व्यापाऱ्याने त्यातल्या त्यात गुबगुबीत वासरू पुढे केलं. "घाला बोटं."

सासूबाईंनी हात उचलला आणि तसाच खाली घेतला. "आज ही बघेल," त्या हळूच म्हणाल्या. "मी थकले."

मी बोटं घातली. गरम, खरखरीत जीभ. वासराने ती इकडून तिकडे फिरवली आणि तोंड वळवलं. मी मान हलवली. दुसऱ्यानेही तेच केलं. तिसरं दोरीखाली आडवं पडलं होतं, फासळ्या मोजून घ्याव्यात असं. व्यापारी स्वतःच म्हणाला, "त्याचं काही खरं नाही." मी वाकले. त्याने बोटं अशी ओढली की नखं दुखली.

"आई, हे ओढतंय."

"किती?"

आता किती, हे कसं सांगायचं? मी ओली बोटं काढली, त्यांची बाही कोपराच्या वर सरकवली आणि दंड हातात धरला. तिथे त्यांना अजून कळत होतं. वासराने ओढलं होतं तसंच, सोडत, पुन्हा आवळत, मी जोर लावून दाबत राहिले.

"एवढं."

सासूबाईंनी डोळे मिटले. व्यापारी आमच्या तोंडाकडे बघत होता.

"घे," त्या म्हणाल्या. "जगेल हे."