टाइलवर काढलेला आईचा रक्तगट

आई आज समोर बसून शेंगा सोलतेय, तरी तो दिवस आठवला की माझे हात गार पडतात.

तिचा रक्तगट मीच काढलेला. लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होते तेव्हा, मानपाड्याच्या आमच्या खोलीत. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे थेंब, त्यात बाटल्यांमधलं तपासणीचं सिरम, काडीने ढवळायचं आणि दोन मिनिटांत बघायचं, कुठे गाठी धरतात, त्यावरून गट. बी पॉझिटिव्ह! आईने कागद फ्रिजवर चिकटवला. येईल त्याला सांगायची, "माझ्या लेकीने काढलाय."

यंदा तिचा अल्सर फुटला, हिमोग्लोबिन चारवर आलं. मी कल्याणला ज्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीत काम करते तिथेच तिला ठेवलं. रक्ताच्या फॉर्मवर मीच लिहिलं, बी पॉझिटिव्ह. घरच्या माणसाची तपासणी आम्हाला करू देत नाहीत, म्हणून नमुना रक्तपेढीच्या मॅडमकडे गेला.

मॅडमनी ट्यूबमध्ये तपासलं. "ओ आहे गं."

"काहीतरीच काय! मी स्वतः काढलाय," मी फणकारले.

त्यांनी आईच्या रक्तातलं वरचं पाणी घेतलं, त्यात बी गटाच्या पेशी टाकल्या, ट्यूब मशीनमध्ये फिरवून माझ्यासमोर धरली. तळाशी लाल गठ्ठा, हलवला तरी सुटेना. आईचा गट बी असता तर बीच्या पेशी अशा गोठल्याच नसत्या. जेल कार्डावरची दुसरी तपासणीही ओच म्हणाली.

"टाइल पंख्याखाली होती का?" मॅडमनी विचारलं.

होती. मे महिना, पंखा फुल्ल, आणि मी भावाशी भांडत बसलेले. बीच्या सिरममधला थेंब कडेने सुकला, त्याचे दाणे मी गाठी समजले. माझ्यावर विसंबून कुणी बीची पिशवी लावली असती, तर तो गठ्ठा आईच्या अंगात झाला असता.

"की नमुनाच दुसऱ्या कुणाचा आहे?" मी विचारलं.

"म्हणूनच नवीन आण. ओची पिशवी मी काढून ठेवते. पळ."

वॉर्डात आईचे ओठ पांढरे पडलेले. सिस्टर सुई घेऊन उभी, आणि ही हात चादरीखाली लपवून बसलेली. "पुन्हा कशाला टोचता? माझा बी आहे. माझ्या लेकीने काढलाय, ती नाही चुकायची."

"आई, हात दे," मी रडत ओरडले, "मी चुकलेय गं, चुकलेय!"

आईने झटकन हात बाहेर काढला.

"हळू बोल," ती पुटपुटली, "सिस्टर ऐकेल."