जात्याच्या दगडाखाली

"म्हातारीनं हंडा पुरलाय तिथं, मी सांगतो ना," गोठ्यातून कुणीतरी म्हणालं आणि आत सामान काढायला जमलेले दोघे-तिघे हसले.

मी दुधाची किटली घेऊन बाहेर उभी होते. गोठ्याच्या मालकीण आजी शेजारीच उकिडव्या बसल्या होत्या. बोलणं त्यांना ऐकू जावं म्हणूनच केलेलं होतं, तरी त्यांनी मान वळवली नाही. समोर खुंट्याला शेवटची गाय होती, ती संध्याकाळी जायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन येऊन गोठा पाडणार होतं. त्या जागेवर त्यांचा मुलगा बिल्डिंग बांधणार होता.

खांदेश्वरच्या बाजूला आम्ही राहायला गेलो तेव्हा मी कॉलेजात होते. आमची सोसायटी आणि त्यांचं गाव यांच्यामध्ये एक रस्ता होता, आणि रस्त्याच्या आमच्या बाजूला पूर्वी त्यांचीच भातशेती होती, हे मला आजींनीच सांगितलं. सांगताना त्यांनी राग धरला नव्हता. "तुज्या किचनमदी आमची मळनी व्हायची," एवढंच म्हणाल्या.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. मराठी बोलायचं म्हणजे मी आधी मनात पूर्ण वाक्य तयार करायची, आणि ते तयार होईपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असायचा. म्हणून मी ऐकायचीच जास्त. आजींना ते आवडायचं. दूध काढून झालं तरी त्या मला सोडायच्या नाहीत. कारवीच्या कुडाचा तो गोठा, वर माळ्यावर पेंढा, कडेला भात साठवायची, शेणाने लिंपलेली रिकामी कणगी. तिथे बसून त्यांनी मला खाडीचा बांध फुटून शेतात मासे आले होते ती गोष्ट सांगितली. नवरा भांडून रुसला आणि कणगीत शिरून झोपला, आणि सगळा गाव कंदील घेऊन त्याला खाडीत शोधत होता, ती तर किती वेळा. "बाहेर आला तर डोक्यात तूस, आन् मना इचारतो, जेवन झालं का," असं म्हणून त्या तोंडाला पदर लावून हसायच्या.

गोठ्याच्या एका कोपऱ्यात जात्याची खालची तळी पुरल्यासारखी बसवलेली होती. त्या कोपऱ्यात त्यांनी कधी गाय बांधू दिली नाही. नातवंडं तिथे खेळायला लागली की हाकलायच्या. सकाळी सगळा गोठा झाडायची सून, पण तेवढा कोपरा आजी स्वतः सारवायच्या. त्यामुळेच हंड्याची गोष्ट गावात पसरली होती. मला मात्र त्या म्हणायच्या, "बस गो तिथं, गार हाय." मी बसायची.

मुलगा पहार घेऊन बाहेर आला. उरणला कंटेनर यार्डात क्रेनवर होता, त्या दिवशी सुट्टी घेतली होती. मोठा, हसरा माणूस. मी त्याला दादा म्हणायची, म्हणजे मनात.

"आये, आता तरी सांग. चांदी का सोना? उद्या मशीनवाला घेऊन जाल. त्यापेक्षा पोटच्या पोरानं काढलेला काय वाईट?"

"काय नाय तिथं. खनू नको."

"काय नाय, तर खनू नको कशाला?"

आत पुन्हा हशा झाला. "पयली कनगी भायेर काढू," म्हणत तो आत गेला.

आजी उठल्या आणि माझं मनगट धरून मला गोठ्याच्या मागे घेऊन गेल्या. मग कणगीतल्या नवऱ्याची गोष्ट सांगायच्या त्याच आवाजात सांगू लागल्या.

"याच्या आदी मना पोर झाली व्हती. दात आलं नव्हतं तिना."

दात न आलेल्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात. पण ती गेली तेव्हा भर पावसाळा होता, उधाण होतं, खाडीकाठचं मसण पाण्याखाली. गावात कोरडी जमीन राहिली होती ती फक्त या गोठ्याची. बाहेर कोल्हे उकरतात. म्हणून नवऱ्याने तिला आत ठेवली आणि वर जात्याची तळी बसवली. पुढे हा मुलगा झाला. सासूने गायीवर हात ठेवायला लावून शपथ घातली की याला कधी कळू द्यायचं नाही. आधी गेलेली बहीण आईच्या तोंडून मागच्या भावाला कळली, तर ती त्यालाही बोलावून घेते, अशी समजूत. ज्यांना माहीत होतं ते सगळे आता गेले होते.

"मी कसा सांगू? येकच हाय मना."

त्या तळीवर बसून मी चिकू खाल्ले होते. बिया तिथेच टाकल्या होत्या.

"मग मला का बसवायचात तिथे?"

"तू गप बसतंस. पोरीच्या जवल कोन तरी बसावा वाटायचा."

त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. मला घरी जायचं होतं. आईला हे सांगता येईल का, असं काहीतरी मनात आलं, आणि तेवढ्यात आत पहारीचा आवाज झाला, दगडावर लोखंड.

आम्ही दारात पोचलो तेव्हा तळी उलटी झाली होती. खाली काळी ओली माती होती, तीत पांढरी मुळं. "माती मऊ हाय," कुणीतरी खूश होऊन म्हणालं. दादाने हातांना थुंकी लावली.

आजींनी दाराचा खांब धरला. पदराचा बोळा तोंडात घातला होता. त्या मुलाकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. शपथ त्यांना होती, मला नव्हती. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. तरी त्या क्षणी मला भीती वाटली की मी बोलले आणि उद्या क्रेनवर याचं काही झालं तर?

पहार वर गेली.

"दादा."

सगळे वळले. त्यातल्या बहुतेकांनी माझा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

"काय गो," तो हसला, पहार तशीच वर धरून, "तुना पन वाटा पायजे का?"

"तिथे हंडा नाही," मी म्हणाले. "तिथे तुमची मोठी बहीण आहे."