चालल्यानं डोकं चालतं म्हणे!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बुवा, कारण हा गाढवपणा मी एकदाच सांगणार आहे.

आमच्या आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीतली डॉक्टरीण मला म्हणाली, "बीपी हाय है. रोज वॉक कीजिए. दिमाग भी तेज रहेगा."

दिमाग? माझा? ज्या डोक्यावर अख्ख्या कंपनीचं लॉजिस्टिक्स चालतं, त्याला धार लावायला म्हणे पाय घासा!

शेजारचे सलीमभाई, मूळचे रत्नागिरीचे, वयानं माझ्याहून थोरले. बीपीची गोळी त्यांनाही. बाहेर भट्टी पेटलेली, म्हणून मॉलमध्ये चालतात. बंद दुकानांसमोरून हात हलवत भराभरा जाणारी ती सगळी मंडळी! विमान चुकलेली बदकं जशी!

"एकदा चला तर," ते म्हणाले. "डोकं कसं साफ होतं बघा."

"माझं साफच आहे!" मी म्हणालो. तरी शनिवारी गेलो. दोन फेऱ्यांत वैतागलो आणि "तुम्ही घासा पाय," म्हणत पार्किंगमध्ये उतरलो.

आणि काय सांगू! गाडी गायब!

खाली शोधली, वर शोधली. घामाघूम! शेवटी सिक्युरिटीवाल्याला धरलं.

"सर, कौन से पिलर के पास रखी थी?"

"इसी पिलर के पास!" मी ठोकून दिलं. माझी मेमरी काढतो म्हणजे काय!

सुपरवायझर धावत आला. कॅमेरे तपासले. गाडी कुठेच दिसेना. "यही सिक्युरिटी है आपकी?" मी कडाडलो. बिचाऱ्यानं पोलिसांना लावायला फोन उचलला. तेवढ्यात मी बायकोला फोन केला.

"मेधा, गाडी चोरीला गेली!"

"कुठली?"

"आपली!"

"अरे, मी तीच चालवतेय! मनूला स्विमिंगला सोडतेय."

मागून मनूचा आवाज, "बाबा, आर यू ओके?"

"मग मी इथे आलो कसा?" मी बायकोला विचारलं.

उत्तर सलीमभाईंनी दिलं. चालणं आटोपून ताजेतवाने येऊन उभे होते. "अवो, माझ्या पांढऱ्या गाडीतून आलात ना! रस्ताभर वॉकिंगला शिव्या देत होतात!"

सुपरवायझरनं फोन खाली ठेवला. "खलास, सर?"

"खलास."

सगळे गालातल्या गालात हसत होते. मी मान ताठ ठेवून सलीमभाईंच्या पुढे निघालो, पांढऱ्या गाडीचं दार उघडलं, ऐटीत बसलो, बेल्ट लावला आणि समोर बघतच म्हणालो, "यल्ला, चला, सलीमभाई! आणि बिल्डिंगमध्ये कुणाला बोलू नका."

स्टिअरिंगवर पायघोळ कंदुरा घातलेले एक अरब गृहस्थ कॉफी पीत बसले होते.

"यल्ला, हबीबी," ते शांतपणे म्हणाले, "लेकिन तुम कौन?"