छातीचं पेव

साताऱ्याच्या एका मासिकाच्या संपादकानं आमच्या मुनिमांना फसवलं. मुनीम जिवंत असताना फसवलं, आणि ते गेल्यावरही तेच चालू ठेवलं.

मी मेढ्याकडचा. पोती वाहायला सांगलीच्या बाजारात आलो आणि पुढं हळदीची स्वतःची अडत काढली. मुनीम वाईचे, शिकलेले. कुणी मालाची तारीफ सुरू केली की ते हळकुंड उचलत, कट्‌कन मोडत, आतला रंग बघत आणि म्हणत, "मोडून बघा, मग बोला." माझा मेहुणा एकदा दुकानात बसून होणाऱ्या जावयाचं गुणगान करत होता. मुनिमांनी वहीतून मान वर न करता विचारलं, "मोडून बघितला का?" मेहुणा महिनाभर दुकानात फिरकला नाही.

ते कविता करत. हिशेब संपला की रद्दी पावतीच्या पाठीवर लिहीत. मला त्यातलं कळत नव्हतं, पण नोकर वेळेवर येतो, खोटं बोलत नाही, मग पाठीवर काय लिहितो याची चौकशी मी का करावी?

तुम्ही आमचा बाजार पाहिला असेल तर ठाऊक असेल, हळदीचा भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायची, तेवढ्यात सौदा होतो. माझ्यातर्फे मुनीम बोटं धरत. एकदा एका खरेदीदारानं हात झटकन मागं घेतला.

"मुनीम, भाव सांगताय का चटका देताय?"

सगळे हसले. मी रुमाल बाजूला करून मुनिमांचा हात धरला. तव्यासारखा तापला होता.

"उन्हाचं आहे, शेठ."

"दुकानात कुठलं वो ऊन?"

डॉक्टरनं छातीचा फोटो काढला. क्षय निघाला. बातमी फुटली तशी रुमालाखाली त्यांना कुणी हात देईना. "हात द्यायचा न्हाई त्यानं माल बी न्यायचा न्हाई," असं मी गादीवरून ओरडलो. त्या दिवशी दोन गिऱ्हाइकं उठून गेली. मुनीम मला म्हणाले, "त्यांचं चुकलं नाही शेठ. त्यांनी मोडून बघितलं."

पाचगणीला रुग्णालयात जायच्या आधी त्यांनी दुकानात एक कविता वाचली. आमची हळद हरिपूरला पेवांत असते. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. ते उघडल्यावर लगेच कुणी उतरत नाही. आतली हवा मारते. आधी दोरीनं पेटता कंदील सोडायचा. तो विझला तर थांबायचं. कविता त्यावरच होती.

छातीचं पेव उघडलंय, डॉक्टर.
आधी कंदील सोडा.
विझला तर उतरू नका;
खाली माझाच माल कुजतोय.

मग आमचा म्हातारा हमाल म्हणाला, "लय वंगाळ हाय, मुनीम. पर खरं हाय." मुनीम खूश झाले. असे खूश झालेले मी त्यांना पगारवाढीच्या दिवशीही पाहिले नव्हते. "हिच्यात कुठं रडलोय का मी?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, न्हाई. "मग छापायला पाठवतो."

पाचगणीत डॉक्टर, आजारी फुप्फुस मिटून त्याला विसावा मिळावा म्हणून, त्यांच्या छातीत सुई घालून हवा भरत. मी भेटायला गेलो की ते म्हणत, "आपण पेवातली हवा काढतो, हे माझ्यात भरतात. धंदा उलटा आहे." अंगावर मांस उरलं नव्हतं. उशाशी थुंकायचा डबा असे. मी आलो की तो झाकत नसत.

एका खेपेला मासिकाचा अंक मीच घेऊन गेलो. कविता आली होती. वर नाव त्यांचं आणि खाली हे:

हृदयाचे मंदिर उघडले, देवा,
नंदादीप उजळा.
तिमिर सरता पाऊल टाका;
आत मी वाट पाहतो.

मुनिमांनी ती दोनदा वाचली. हसायला लागले, हसता हसता खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. तोंड पुसून म्हणाले, "शेठ, हिच्यातला माणूस ठणठणीत दिसतो. ह्याला काही झालेलं नाही." मग माझं मनगट धरलं. "माझ्या नावावर हा राहायला नको. तेवढं बघा."

मी तिथून थेट साताऱ्याला गेलो. संपादक सभ्य माणूस. त्यांनी चहा मागवला.

"अहो शेठ, मासिक घरोघरी बायका-मुलं वाचतात. सडकी छाती कशी छापायची? मी त्यांचं काव्य वर उचललं."

"उचलायचं तर स्वतःच्या नावावर उचला की. नमुना एक आणि पोत्यात भलताच माल, आमच्यात याला लबाडी म्हणतात."

"तुमच्या बाजारात म्हणत असतील."

मी पेला आपटला. बशी फुटली. शेवटी ते कबूल झाले की लढाईमुळं पडलेली कागदाची टंचाई जरा हटली की मूळ कविता छापू. मी पाचगणीला तसा निरोप दिला. मुनिमांनी पुढचे दोन अंक चाळले. तिसरा पोचला तेव्हा खाट रिकामी होती आणि गादी बाहेर उन्हात टाकली होती.

त्या मासिकानं मृत्युलेख छापला. त्यात मुनिमांना 'सोज्ज्वळ भक्तकवी' म्हटलं, आणि मंदिर पुन्हा छापलं. त्याला कागद मिळाला. आता तर शाळेच्या संमेलनात पोरी ते चाल लावून म्हणतात, आणि टाळ्या पडतात.

संपादकसाहेब, तुमचं मासिक चालू आहे. कागदाची ओरड संपली. मूळ कविता मला पाठ आहे, आमच्या हमालांनाही पाठ आहे, हवी तर येऊन उतरून घ्या. तो माणूस फुप्फुसं कुजून मेला. ते त्यानं न रडता लिहिलं होतं. तुम्ही त्याला धडधाकट करून देवळात बसवून ठेवलाय. त्याला तिथून बाहेर कोण काढणार? उत्तर छापा. मी अंक दर महिन्याला विकत घेतो.